तीन किलोचा की साठ किलोचा?

"आमचं वन बीएचके आहे, म्हणजे छोटाच कुत्रा घ्यायला हवा ना?" कुत्रा आणायचं ठरलं की बहुतेक घरांत चर्चा इथून सुरू होते आणि इथेच तिची गाडी चुकीच्या वळणाला लागते. घराचं क्षेत्रफळ आणि कुत्र्याचा आकार यांचा संबंध आपल्याला वाटतो तेवढा नाही. ग्रेट डेनसारखा अगडबंब कुत्रा सकाळ-संध्याकाळ नीट फिरवून आणला की उरलेला दिवस दिवाणखान्यात पसरून घोरत असतो. उलट सहा-सात किलोचा जॅक रसेल टेरियर किंवा बारा किलोचा बीगल. पहिल्याला कोल्ह्यामागे बिळात घुसायला घडवलंय, दुसऱ्याला सशाचा माग काढत तासन्‌तास पळायला. अशा कुत्र्याला दहा मिनिटं बिल्डिंगखाली नेऊन आणलं आणि आपण ऑफिसला गेलो, तर संध्याकाळी सोफ्यातला फोम घरभर. कुत्र्याच्या अंगात किती रग आहे हे त्याच्या पूर्वजांकडून कोणतं काम करून घेतलं जायचं यावर ठरतं, वजनावर नाही.

वजनावर ठरतात त्या गोष्टी वेगळ्याच. कुत्रा आपल्याबरोबर किती वर्षं राहील, महिन्याला किती खाईल, पिल्लू असताना त्याला काय देऊ नये, कोणता आजार मध्यरात्री उठवेल, आणि त्या वेळी त्याला उचलून गाडीत ठेवता येईल का. पिल्लू पसंत करताना यातलं काहीच दिसत नाही, कारण दीड महिन्याचं कुठलंही पिल्लू मांडीत मावतं.

आकडे समोर असू द्या. चिवावा तीन किलोच्या आत असतो. पॉमेरेनियन तेवढाच. (आपल्याकडे घरोघरी जो पांढराशुभ्र 'पॉमेरेनियन' होता तो बहुतांशी इंडियन स्पिट्झ, तो याच्या दुप्पट-तिप्पट भरतो.) शित्झू, पग, डॅशहुंड पाच ते दहा किलोंच्या घरात. दुसऱ्या टोकाला ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, इंग्लिश मॅस्टिफ, न्यूफाउंडलंड, आयरिश वुल्फहाउंड. हे सगळे पन्नाशीच्या पुढचे. मॅस्टिफ तर नव्वद किलोंवरही जातो. लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्ड मोठे खरे, पण या महाकायांत त्यांची गणती होत नाही.

मोठा कुत्रा लवकर का जातो

आकाराची सर्वांत मोठी किंमत वर्षांत मोजावी लागते. चिवावा, डॅशहुंड किंवा छोटा पूडल चौदा-पंधरा वर्षं सहज काढतो. ग्रेट डेन सात ते दहा वर्षं. जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठाच्या कॉर्नेलिया क्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७४ जातींच्या हजारो कुत्र्यांच्या मृत्यूच्या नोंदी तपासून २०१३ साली एक ठोकताळा मांडला: शरीराच्या दर दोन किलो वजनामागे साधारण एक महिन्याचं आयुष्य कमी. म्हणजे पाच किलो आणि पासष्ट किलो यांच्यात अडीच वर्षांचा फरक तर निव्वळ या हिशेबानेच पडला. जातीजातीतले आजार त्यात आणखी भर घालतात.

टेक्ससमधला झ्यूस नावाचा ग्रेट डेन २०२२ मध्ये जगातला सर्वांत उंच कुत्रा म्हणून गिनीज बुकात गेला. खांद्यापाशी उंची एक मीटरहून चार सेंटिमीटर जास्त. पुढच्याच वर्षी त्याला हाडाचा कर्करोग निघाला, पुढचा उजवा पाय कापावा लागला आणि पाठोपाठ न्यूमोनियाने तो गेला. तेव्हा तो चार वर्षांचाही नव्हता. त्याच्या काही वर्षं आधी हा मान मिळवलेला मिशिगनचा ग्रेट डेन, त्याचंही नाव झ्यूसच, सहा वर्षं पूर्ण करू शकला नाही. ही दोन टोकाची उदाहरणं आहेत हे खरं, पण हाडाचा कर्करोग महाकाय जातींच्या डॉक्टरांना नवा नाही. छोट्या कुत्र्यांत तो क्वचित दिसतो.

यात एक कोडं आहे. एरवी निसर्गात उलटं असतं. उंदीर दोन-तीन वर्षांत संपतो, हत्ती साठ-सत्तर वर्षं जगतो. मोठा प्राणी जास्त जगतो हा सर्वसाधारण नियम. मग एकाच जीवजातीत, कुत्र्यांत, तो उलटा का फिरतो?

उत्तराचा एक धागा रक्तातल्या एका वाढद्रव्यात आहे. त्याचं नाव आयजीएफ-१. शरीराला 'वाढ' म्हणून सांगणारा हा निरोप्या. २००७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की छोट्या जातींच्या कुत्र्यांत या द्रव्याच्या जनुकाचं एक ठरावीक रूप जवळजवळ सगळीकडे आढळतं आणि महाकाय जातींत ते जवळजवळ नसतंच. माणसाने छोटे कुत्रे अलीकडे, हौसेपोटी घडवले असं आपण धरून चालतो. पण २०२२ मध्ये लहान आकाराशी जोडलेला हाच जनुकबदल सायबेरियातल्या सुमारे ५४ हजार वर्षांपूर्वीच्या लांडग्याच्या अवशेषांत सापडला. लहान होण्याची सोय लांडग्यांतच होती. माणसाने ती फक्त निवडून निवडून पुढे आणली.

मोठ्या कुत्र्याच्या शरीराला वाढीचा निरोप जोरात आणि दीर्घकाळ मिळत राहतो. पेशी झपाट्याने वाढतात, जास्त वेळा विभागतात, आणि प्रत्येक विभाजनात चूक होण्याची शक्यता असते. हत्तीच्याही शरीरात अब्जावधी पेशी जास्त, पण त्याने लाखो वर्षांत संरक्षणही जमवलं: कर्करोग रोखणाऱ्या टीपी-५३ या जनुकाची माणसात एक जोडी असते, हत्तीत वीस. कुत्र्याला तेवढा वेळ मिळालेलाच नाही. आजच्या बहुतेक जाती गेल्या दोन-अडीचशे वर्षांत घडल्या. शरीर आपण वाढवत नेलं, दुरुस्तीची यंत्रणा मात्र जुनीच राहिली. आज या विषयात सर्वाधिक पटणारं स्पष्टीकरण हे आहे. क्राउस यांच्या अभ्यासातही दिसलं ते हेच, की मोठे कुत्रे लवकर मरतात कारण त्यांचं म्हातारपण भरभर पुढे सरकतं.

म्हणून 'कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात' हा हिशेब सोडून द्या. सात वर्षांचा शित्झू मध्यमवयीन असतो. सात वर्षांचा ग्रेट डेन आजोबा झालेला असतो. घरात पाचवीतलं पोर असेल आणि ते कुत्र्यासाठी हटून बसलं असेल, तर छोट्या जातीचं पिल्लू ते पोर नोकरीला लागेपर्यंत घरात असेल आणि महाकाय जातीचं पिल्लू बहुधा त्याच्या बारावी-कॉलेजच्या आसपास जाईल. दोन्हींत बरं-वाईट आहे. निवृत्त जोडप्याला पंधरा वर्षांची जबाबदारीच जास्त वाटू शकते. पण हे आधी बोलून घ्यायला हवं, पोरासमोरसुद्धा.

आणि आकार म्हणजेच सगळं असंही नाही. ब्रिटनमधल्या जवळपास पाच लाख ८४ हजार कुत्र्यांच्या नोंदींचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात छोट्या, लांब नाकाच्या माद्या सर्वांत पुढे निघाल्या, मध्यक आयुर्मान (निम्मे याहून जास्त जगतात, निम्मे कमी) १३.३ वर्षं. आणि सर्वांत मागे? महाकाय नव्हे. मध्यम आकाराचे, चपट्या नाकाचे नर, ९.१ वर्षं. बुलडॉगसारखे. म्हणजे 'छोटा म्हणजे दीर्घायुषी' या हिशेबाने कुणी पग किंवा फ्रेंच बुलडॉग आणणार असेल, तर थांबावं. आपल्याकडे मोबाइल कंपनीच्या त्या जाहिरातीनंतर पग घराघरांत शिरला. त्याला दम लागतो, तो घोरतो, एप्रिलमध्ये जिना चढताना जीभ निळसर पडते, याला 'किती गोड घोरतो' म्हणणारे अजून भेटतात. तो श्वासासाठी झगडत असतो.

कॅल्शियमची बाटली

ग्रेट डेनचं पिल्लू जन्मतं तेव्हा अर्ध्या-पाऊण किलोचं असतं. दीड वर्षात ते शंभरपट होतं. छोट्या जातीचं पिल्लू आठ-दहा महिन्यांत जन्मवजनाच्या वीसेक पट होऊन थांबतं. शंभरपट वाढणाऱ्या सांगाड्यावर लोड किती येत असेल बघा, आणि ही हाडं पहिलं वर्षभर कच्ची असतात.

आता आपल्याकडे काय होतं? पिल्लू घरी आलं की दुसऱ्या दिवशी कॅल्शियमची बाटली येते. कुणी सांगितलेलं असतं, 'मोठी जात आहे, हाडं मजबूत व्हायला हवीत, सकाळ-संध्याकाळ चमचा द्या.' वर उकडलेली अंडी, दूध, आणि पॅकेटचं खाणंही. हेतू चांगला, परिणाम उलटा. प्रौढ कुत्रा आतड्यातून किती कॅल्शियम आत घ्यायचं यावर नियंत्रण ठेवू शकतो. पहिल्या काही महिन्यांतल्या पिल्लाला ते नीट जमत नाही. जेवढं द्याल त्यातलं बरंचसं शरीरात शिरतं. नेदरलंड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात ग्रेट डेनच्याच पिल्लांवर हे तपासलं गेलं: जास्त कॅल्शियम दिलेल्या पिल्लांची हाडं मजबूत होण्याऐवजी वाकडी आणि सांधे सदोष झाले. चिवावाच्या पिल्लाला हीच चूक बरीचशी खपून जाते. साठ किलोपर्यंत जाणाऱ्याला खपत नाही.

मग द्यायचं काय? 'लार्ज ब्रीड पपी' असं लिहिलेलं तयार खाणं दुकानात मिळतं. त्यात कॅल्शियम आणि उष्मांक मुद्दाम आवरते ठेवलेले असतात. ते दिलं तर वर बाटलीची गरज नाही. घरचंच द्यायचं असेल तर पशुवैद्याकडून प्रमाण ठरवून घ्यावं. डाळ-भात-चिकनच्या अंदाजाने महाकाय पिल्लू वाढवणं जोखमीचं. आणि त्याला गुटगुटीत करू नये. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवला की सहज हाताला लागाव्यात, इतपत. शेजारी म्हणतील 'वाळलाय', म्हणू द्या. अमेरिकेत ४८ लॅब्राडोरांवर केलेल्या जन्मभराच्या अभ्यासात, जोडीच्या भावंडापेक्षा पाव हिस्सा कमी खाणाऱ्या गटाचं मध्यक आयुष्य १३ वर्षं भरलं, भरपूर खाणाऱ्यांचं ११.२. सांध्यांची दुखणीही उशिरा सुरू झाली.

दुसरी गोष्ट फरशीची, जिच्याबद्दल परदेशी पुस्तकं फारसं बोलत नाहीत. आपल्या घरांत सर्रास गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स असतात. चार महिन्यांचं वीस किलोचं पिल्लू बेल वाजली की दाराकडे धावतं आणि मागचे दोन्ही पाय बाजूला फाकतात. दिवसातून दहा वेळा. खुब्याचा सांधा ज्या महिन्यांत आकार घेत असतो, त्याच महिन्यांत हे चालू असतं. खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक ढिलेपणा मोठ्या जातींत आधीच जास्त, त्यात ही भर. त्याच्या रोजच्या वाटेवर रबरी मॅट किंवा जाड सतरंज्या टाकाव्यात आणि वाढीच्या वयात जिन्यांवर पळवू नये. तीन किलोच्या पिल्लाचेही पाय घसरतात, पण त्या सांध्यावर वजनच ते किती.

खिशाचा हिशेब

साठ किलोचा कुत्रा पाच किलोच्या कुत्र्याच्या बारापट खातो का? नाही, सहा-साडेसहापट. शरीर मोठं होत जातं तशी किलोमागची ऊर्जेची गरज घटते. पशुवैद्य जे सूत्र वापरतात त्यानुसार पाच किलोच्या प्रौढ पाळीव कुत्र्याला दिवसाला पावणेचारशे उष्मांक लागतात, साठ किलोच्याला चोवीसशेच्या आसपास, म्हणजे एका माणसाचं दिवसभराचं जेवण. कोरड्या खाण्यात हे दिवसाला शंभरेक ग्रॅम आणि साडेसहाशे ग्रॅम असं पडतं. महिन्याला तीन किलो विरुद्ध वीस किलो. किलोचा भाव चारशे रुपये धरला, तर बाराशे आणि आठ हजार.

औषधं मात्र किलोच्या सरळ हिशेबाने चालतात. जंताची नेहमीची गोळी दहा किलोला एक, म्हणजे ग्रेट डेनला एका वेळी सहा-सात. गोचिडांची गोळी वजनाच्या टप्प्यांनी महाग होत जाते. प्रतिजैविकं, वेदनाशामकं, भूल, सगळं तसंच. नसबंदीची शस्त्रक्रिया एकच, बिल वेगळं. रेबीजची लस तेवढी अपवाद: चिवावाला एक मिलिलिटर आणि मॅस्टिफलाही एकच.

शिवाय फुटकळ वाटणारे खर्च आहेतच. पट्टा, पिंजरा, बिछाना सगळं मोठ्या मापाचं. सुट्टीला गावी जाताना कुत्रा ठेवून घेणारे महाकाय जातींना जास्त दर लावतात किंवा सरळ नाही म्हणतात. छोटा कुत्रा रिक्षात मांडीवर बसतो. ग्रेट डेनला रिक्षावाला बघूनच पुढे जातो, म्हणजे स्वतःची गाडी लागते, तीही मागची सीट रिकामी असलेली. रेल्वेने नेताना गार्डच्या डब्यातल्या कुत्र्यांच्या पेटीत तो मावणार नाही. पहिल्या वर्गाचा कूपे पूर्ण आरक्षित करणं एवढा एकच रस्ता उरतो.

रात्री दोन वाजता

महाकाय कुत्रा घेणाऱ्या प्रत्येकाला एक आजार नावानिशी माहीत असायला हवा. पोट फुगणं आणि पिळवटणं. इंग्रजीत ब्लोट म्हणतात. खोल, अरुंद छातीच्या मोठ्या कुत्र्यांत जठरात हवा साठते आणि जठर स्वतःभोवती फिरतं. दोन्ही तोंडं बंद होतात, रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत कुत्रा मरतो. ग्रेट डेन या यादीत सर्वांत वर. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या अभ्यासांनुसार तीनातल्या एकाहून जास्त ग्रेट डेनना आयुष्यात कधी ना कधी हा झटका येतो.

तो दिसतो कसा? कुत्रा बेचैन होतो, इकडून तिकडे फिरतो, बसत नाही. उलटीसाठी जोर करतो पण फेसाळ लाळेशिवाय काही पडत नाही. बरगड्यांमागे पोट ताठ होतं, टिचकी मारली तर ढोलकीसारखं वाजतं. यातली पहिली दोन लक्षणं दिसली तरी निघायचं. ओवा, सोडा, जेलुसिल, सकाळी बघू, हे सगळं सोडून.

आता हे चित्र आपल्या गावात बसवून बघा. तिसरा मजला, लिफ्ट बंद. पासष्ट किलोचा कुत्रा वेदनेने वाकलाय, चालत नाही. त्याला जाड चादरीवर घेऊन चार टोकं धरायला दोन धडधाकट माणसं लागतात, आणि वळणावर तिसरा हवा. मग असा दवाखाना, जिथे त्या वेळी भूल देणारा आणि पोट उघडणारा डॉक्टर हजर आहे. मुंबई-पुण्यात अशी ठिकाणं आहेत. अनेक तालुक्यांच्या गावी रात्री पशुवैद्य फोन उचलतो, पण शस्त्रक्रियेची सोय नसते. कुत्रा घेण्याआधी एका रविवारी रात्री फोन लावून चौकशी करावी, सर्वांत जवळचं असं ठिकाण किती तासांवर आहे. उत्तर 'चार तास' असेल, तर निदान माझ्या मते ग्रेट डेनचा विषय तिथेच संपतो.

धोका कमी करता येतो. दिवसातून एकदाच ढीगभर वाढण्यापेक्षा दोन-तीन वेळा थोडं थोडं द्यावं. अधाशासारखं खाणाऱ्याला खाचांचं ताट द्यावं. जेवणानंतर लगेच पळवू नये. ज्याच्या आई-बापाला किंवा भावंडाला हा त्रास झालाय ते पिल्लू घेऊ नये. उंच कुत्र्यांसाठी म्हणून दुकानात भांड्याचे उंच स्टँड विकतात. पर्ड्यूच्या अभ्यासात अशा स्टँडवर खाणाऱ्यांत धोका वाढलेलाच आढळला होता. आणि नसबंदीच्याच वेळी जठर पोटाच्या भिंतीला टाके घालून बांधून घेण्याची सोय असते. फुगणं त्याने थांबत नाही, पण जीवघेणा पीळ जवळजवळ टळतो. महाकाय जातीसाठी हे करून घ्यावं असं सांगणारे डॉक्टर आता वाढताहेत.

छोट्याची नाजूक बाजू

एवढं वाचून छोटा कुत्रा म्हणजे बिनघोर असं वाटत असेल, तर तसं नाही. त्याच्या तक्रारी सहसा एका रात्रीत जीव घेत नाहीत. त्या वर्षानुवर्षं चालतात.

दात बघा. प्रत्येक प्रौढ कुत्र्याला ४२ दात असतात, चिवावाला आणि मॅस्टिफलाही. एवढ्याशा जबड्यात ते दाटीवाटीने, एकमेकांवर चढून बसतात, फटीत अन्न अडकतं, कीटण धरतं, हिरड्या सुजतात. सहा-सात वर्षांच्या पॉमेरेनियनच्या तोंडाला वास येतो तो 'कुत्र्याचा वास' नसतो, पायोरिया असतो. पिल्लू असल्यापासून रोज ब्रश करण्याची सवय लावली तरच हे आवरतं, आणि भूल देऊन दात साफ करण्याचा खर्च अधूनमधून येतोच. गुडघ्याची वाटी सरकते: चालता चालता मागचा एक पाय वर धरून दोन-तीन उड्या, मग पुन्हा नीट चाल. श्वासनलिका मऊ पडून चपटी होते. हंसासारखा 'क्वँक' असा कोरडा खोकला ही त्याची खूण. म्हणून छोट्या कुत्र्याला गळपट्ट्याला ओढू नये, छातीवरून बांधायचा हार्नेस वापरावा. उतारवयात हृदयाची झडप गळायला लागणं हेही छोट्यांतच जास्त.

चिवावासारख्या कुत्र्याच्या पुढच्या पायाचं हाड पेन्सिलीएवढं. सोफ्यावरून मारलेली उडी किंवा चार वर्षांच्या भाच्याच्या हातून निसटणं, एवढ्यानेही ते मोडतं. अगदी लहान पिल्लांची साखर चटकन उतरते, तीन-चार तासांनी खायला लागतं. आणि विषाचं गणित तर सरळ वजनाचं आहे. कांदा कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. किलोमागे पंधरा-वीस ग्रॅम पोटात गेला तर त्रास सुरू होऊ शकतो. तीन किलोच्या कुत्र्याला त्यासाठी एक मध्यम कांदा पुरतो, म्हणजे ओट्यावरून घरंगळलेला एखादा. साठ किलोच्याला किलोभर लागेल. काळ्या चॉकलेटचंही तेच. द्राक्षं आणि बेदाण्यांना मात्र हा हिशेब लावू नका. ती कुठल्याच आकाराच्या कुत्र्याला देऊ नयेत.

'टीकप' नावाने जे विकलं जातं त्यापासून दूर राहावं. टीकप ही कुठल्याही मान्यताप्राप्त संस्थेची जात नाही. एका विणीतलं सर्वांत कमजोर पिल्लू निवडून, किंवा वेळेआधी आईपासून तोडून, चढ्या भावाने विकण्याचा तो धंदा आहे.

ऊन, शेजारी आणि स्वभाव

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंग थंड करतो. शरीर जेवढं मोठं, तेवढी आतल्या उष्णतेच्या मानाने त्वचा कमी पडते. त्यावर आल्प्सच्या बर्फासाठीचा दुहेरी कोट असेल, तर नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात सेंट बर्नार्ड म्हणजे दिवसभर एसी, पहाटे पाचला फिरणं आणि वीजबिल. लोड शेडिंग असलेल्या गावात तर त्याला आणूच नये. छोट्यांतले लांब नाकाचे कुत्रे उन्हाळा बऱ्यापैकी काढतात, चपट्या नाकाचे नाही.

स्वभावाबद्दल लोकांचा अंदाज हमखास चुकतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २००८ मधल्या पाहणीत चावण्या-गुरगुरण्यात पुढे निघाले ते डॅशहुंड, चिवावा आणि जॅक रसेल. यात थोडा दोष आपलाही आहे. छोटा कुत्रा पाहुण्याच्या पायाला झोंबला की घरचे हसतात. ग्रेट डेनने तेच केलं तर त्याच दिवशी ट्रेनरला फोन जातो. पण चावा घेतल्यावर काय होतं हे वजनावरच ठरतं. आणि चावायचीही गरज नसते. सत्तर वर्षांच्या आजीच्या हातात पट्टा आहे आणि समोरून मांजर पळालं, तर तिच्याहून जड कुत्रा तिला फरफटत नेईल. उलट छोटा कुत्रा पायांत घुटमळतो आणि आजी त्याला अडखळून पडते. म्हाताऱ्या माणसांच्या घरी दोन्ही टोकं अडचणीचीच.

सोसायटीचं म्हणाल, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्वसाधारण सभेच्या बहुमतानेही कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. कागदावर छोटा-मोठा असा भेद नाही. प्रत्यक्षात साठ किलोच्या कुत्र्याबरोबर लिफ्टमध्ये शिरलात की बाकीचे बाहेर थांबतात, आणि त्यांचीही बाजू असते. केंद्र सरकारने १२ मार्च २०२४ ला २३ जातींवर बंदी आणण्याबद्दल राज्यांना पत्र पाठवलं होतं. त्यात रॉटवायलर, केन कोर्सो, कंगल, तोसा अशा बऱ्याच धिप्पाड जाती होत्या. ग्रेट डेन आणि सेंट बर्नार्ड नव्हते. कर्नाटक उच्च न्यायालयाने महिन्याभरात ते पत्र रद्द केलं. तरी या गटातला कुत्रा घेणाऱ्याने आपल्या पालिकेत सध्या काय लागू आहे ते विचारूनच पुढे जावं.

मला विचाराल, तर आपल्या हवेत आणि आपल्या घरांत या दोन टोकांच्या मधला कुत्रा सर्वांत सुखाने राहतो. पंधरा ते पंचवीस किलोंचा. त्याला एक माणूस उचलू शकतो, रिक्षात तो पायाशी बसतो, पोट पिळवटण्याचा धोका ग्रेट डेनच्या मानाने बराच कमी आणि हाडंही काडीसारखी नाहीत. गावठी कुत्रा नेमका याच मापाचा. कारवानी किंवा मुधोळही वजनाने इथेच येतात, पण ते शिकारी. मोकळं रान आणि पळणं नसेल तर ते कुढतात; फ्लॅटसाठी त्यांचं नाव सुचवणाऱ्याने त्यांना पळताना बघितलेलं नसतं.

तरीही मन एका टोकावरच बसलं असेल, तर पिल्लाआधी त्याचे आई-बाप बघायला मागा. आई समोर आणायला टाळाटाळ होत असेल तर उठावं. महाकाय जातीत दोघांच्या खुब्याचे एक्स-रे आणि हृदयाची तपासणी मागावी, छोट्या जातीत गुडघे आणि हृदय. केनेल क्लबचा कागद वंशावळ सांगतो, तब्येत नाही. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांबद्दलच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरची राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. तो क्रमांक विचारायला लाजू नये. आणि दत्तक घ्यायची तयारी असेल, तर दोन-तीन वर्षांचा कुत्रा बघावा. पग, सेंट बर्नार्ड, ग्रेट डेन हे तिघेही निवारा केंद्रांत आणि दत्तकाच्या ग्रुपांवर नेहमी सापडतात, हौस फिटल्यावर सोडलेले. प्रौढ कुत्र्याची वाढ संपलेली असते, खुबे तपासता येतात, स्वभाव दिसतो, आणि वजनाचा अंदाज बांधायची गरज उरत नाही. काट्यावर उभा करायचा, मग एकदा उचलून बघायचा.